शेतबंदर सोडून

बशीत ओतलेला चहा परत कपात ओतताना मी आजवर कुणाला बघितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं, भगवाननं ओतला. बेटावर मचवा हाकणारा काशिराम तांडेल आमच्या उंबऱ्यावर बसून घारापुरीच्या बेटावरच्या जागा सांगत होता. बेटावर तीन वाड्या, तीन बंदरं, आणि आमी नवराबायको चार दिवस हवा खायला जाणार तर उतरायचं कुठं, हे ठरवायचं होतं. मोराबंदरात बुधाजीची मागची खोली हाय, पन भिंत पावसात पडलीय ती तशीच. राजबंदरात मास्तराची खोली मोकळी हाय, पन पानी लांबनं आनायला लागंल. "आनि शेतबंदरात आनंदाचं घर," काशिराम म्हणाला. "पडवी समुद्रावर, विहीर दारात, बाईमानसाला सोय. आनंदानं सोता सांगितलंय, पोरांना आमच्याकडंच उतरवा." तेव्हा भगवाननं बशी तोंडाजवळनं खाली घेतली, चहा कपात परत ओतला, एक थेंब सांडू न देता, आणि म्हणाला, "शेतबंदर सोडून कुठंपण." काशिराम काय बोलला नाय. तोच मला जास्त लागला, काशिरामचा गप्पपणा. बडबड्या माणूस, समोरच्या कुत्र्याशी पण बोलतो, आणि आता पायाच्या अंगठ्याचं नख बघत बसला. मी चुलीजवळ होते. मी भाकरी थापत राहिले, पण भाकरी गोल होईना.

त्याआधी मला खरंच वाटलं होतं की मी नशीबवान हाय. आमच्या लोकांत लग्नानंतर हवा खायला कोण जातं. ठमाबाई, आमची घरमालकीण, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या वेळी हवा घरातच मिळायची बाई." भगवान पळस्पे फाट्यावर गॅरेजात काम करतो. गोवा पोर्तुगिजांकडनं सुटल्यापासून त्या फाट्यावर गाड्या नुसत्या वाहतात, आणि मुंबईची जोडपी इंजिन थंड होईपर्यंत खाली उतरून उभी राहतात, बाईच्या डोळ्यावर काळा चष्मा, बाप्याच्या गळ्यात कॅमेरा. ती बघून भगवानला वाटलं असंल आपण पण जावं, असं मी धरून चालले. मी म्हणलं, मग माथेरानला जाऊ, ते तर इथनं दिसतं. तो म्हणाला नको, थंडी असते. मी म्हणलं, अलिबागला जाऊ. म्हणाला, लांब. मी म्हणलं, मग बेटावर काय ठेवलंय, लेणी बघायला तर लोक बोटीनं येतात आणि संध्याकाळच्या आत पळतात. तो म्हणाला, तिथं समुद्र चारी बाजूनी असतो. तेव्हा मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते दिवसभर भांडी घासताना घोळवत राहिले. चारी बाजूनी. आता बशी खाली आल्यावर त्याच वाक्याचा वास बदलला. चारी बाजूनी समुद्र म्हणजे निघायला वाट नाय. मला तिथं नेऊन त्याला काय सांगायचं होतं, जे पनवेलात सांगितलं असतं तर मी दार उघडून चालत गेले असते?

मला संशय यायला शिकवावं लागलं नाय. माझा बाप मिठागरात काम करायचा, आणि आठ-आठ दिवस तिथल्याच झोपडीत राहतो असं आई सांगायची, आणि खरंच मानायची. मी आठवीत असताना वर्गातल्या भामानं मधल्या सुट्टीत विचारलं, "तुझा बाप सुकापूरला कुणाकडं जेवतो गं?" सगळ्या हसल्या. सगळ्यांना म्हायती होतं. मी कंपासपेटी उचलली आणि तिच्या कपाळावर मारली, आणि त्या दिवसानंतर शाळेत गेले नाय. मास्तर घरी आले होते समजवायला, माफी माग म्हणाले, मी मागच्या दारानं निघून गेले. रक्त बघून मला काय वाटलं नाय. जे वाटलं ते संध्याकाळी वाटलं, आईला बघून. ती बापाच्या डब्यासाठी सुकट भाजत होती, आणि मला कळलं की अख्ख्या गावात शेवटी कळणार ते हिलाच. बाकीचं काय पण होवो, आपण शेवटची व्हायचं नाय, असं मी तेव्हा ठरवलं. म्हणून मी बघते. लोक मला टक लावून बघणारी म्हणतात, सासूनं पण पहिल्याच दिवशी म्हणलं, "सत्यवती, सुनेनं एवढं डोळ्यात डोळे घालून बघू नये." मी बघते, कारण आईनं बघितलं नाय.

सासू विचुंब्याहून आली ती निघायच्या आदल्या आठवड्यात. हौसाबाई म्हणजे बोलली तर बोलली, नायतर दगड. पण त्या दिवशी गोड. माझ्या केसांना तेल लावायला बसली, लग्नानंतर पहिल्यांदा. तिची बोटं माझ्या डोक्यात फिरत होती आणि मला वाटत होतं ही मला चाचपतीय, बाजारात कोंबडी चाचपतात तशी.

"बेटावर गेलीस की मोठ्यांचं ऐकायचं," ती म्हणाली.

"तिथं कोण मोठं हाय आपलं?"

"गावात मोठी माणसं असतातच. सांगतील ते करायचं. तोंड पाडून नाय करायचं, हसत करायचं."

"काय करायला सांगतील?"

बोटं थांबली. "केस गळतात तुझे," ती म्हणाली. मग पुन्हा तेल. माझे केस गळत नायत. मी उठून फणी बघितली, एक केस नव्हता. ती फणी मी तिच्यासमोर धरली, मुद्दाम, आणि ती म्हणाली, "आपल्या पोराच्या नशिबी हीच होती," पण हळू, माझ्यासाठी नाय, स्वतःसाठी. हीच. म्हणजे दुसरी कुठली तरी होती. पाटीवर पुसलेलं अक्षर तिरकं धरलं की दिसतं, तसं मला त्या 'हीच'मध्ये दुसरीचं काहीतरी दिसलं. नाव नव्हतं, नुसती जागा होती.

मग मी ट्रंक उघडली. कुलूप नव्हतं, आमच्यात कुलपाएवढं काय नाय. माझी लुगडी वर होती, त्याच्या खाली त्याची नवी पँट, आणि त्याच्या पण खाली पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. एक हिरवा खण. एक नारळ. हिरव्या बांगड्या, सुतळीत ओवलेल्या. नारळ बघून मला आधी हसू आलं. बेटावर नारळ घेऊन कोण जातं, तिथं तो डोक्यात पडतो. म्हणजे हा खायचा नारळ नव्हता, द्यायचा होता. बांगड्या मी हातात घातल्या, म्हणजे घालायला गेले. अंगठ्याच्या हाडापाशी अडकल्या. तेल लावलं, साबण लावला, जाईनात. माझा हात मिठागरवाल्यांचा, रुंद. भगवाननं हा हात धरलाय, ह्याचं माप त्याला म्हायती हाय. मी बांगड्या घेऊन बसले आणि त्या आतला हात कसा असंल ते बघत राहिले. बारीक. मनगटाचं हाड वर आलेलं. मला ती बाई चेहऱ्याशिवाय दिसायला लागली, नुसते हात, पडवीत बसून मासे साफ करणारे, पाण्याची कळशी उचलणारे, माझ्या नवऱ्यासमोर ताट ठेवणारे. बाहेर ठमाबाई कुणाला तरी सांगत होती की आजकालच्या पोरींना लाज नाय. मला वाटलं, हिला पण म्हायती हाय. नळावर हंडे लावणाऱ्या सगळ्यांना म्हायती हाय. बंदरावर, फाट्यावर, सुकापुरात. मी परत आठवीत होते आणि मधली सुट्टी झाली होती.

भगवान संध्याकाळी आला, हाताचं ग्रीस रॉकेलनं पुसत. मी बांगड्या त्याच्या ताटात ठेवल्या, भाकरीच्या जागी.

"ह्या कुणाच्या?"

तो बसला. ताटाकडं बघत राहिला. मी मनात म्हणलं, खोटं बोलला तर ह्याच्या डोक्यात तवा घालते, आणि मला म्हायती होतं की मी घातला असता.

"आई म्हणाली तिथं गेल्यावर सांग," तो म्हणाला. "आधी सांगितलं तर तू यायची नायस."

"आता सांगा."

त्यानं सांगितलं. तीन वर्षांमागं त्याचं लग्न ठरलं होतं, शेतबंदरच्या आनंदाच्या मुलीशी. मालू तिचं नाव. हनुमान जयंतीला ह्याला हळद लागली. आमच्यात नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली हळद नवरीला पाठवतात, उष्टी हळद, ती लागली की अर्धं लग्न झालंच. हळद मचव्यानं बेटावर गेली, मालूला लागली, धवलारणींनी रात्रभर गाणी म्हणली. दुसऱ्या दिवशी गोरजावर लग्न. वऱ्हाड इथं जेवून दुपारी निघालं. "आणि मचवा चिखलात रुतला," भगवान म्हणाला. "खाडीला पाणीच नव्हतं. पोचायला उशीर, मुहूर्त गेला, आनंदानं शिव्या घातल्या, ह्यांनी उलट घातल्या, मोडलं." मग मालू तशीच राहिली. दुसऱ्याची हळद अंगावर असलेली पोर कोण करणार. आता उरणचं एक स्थळ तयार झालंय, पण त्यांच्या म्हाताऱ्यांची अट हाय. ज्याची हळद, त्याच्या बायकोनं आपल्या हातानं मालूची ओटी भरायची, चुडा भरायचा, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, माझी हळद मला दे. मग ती मोकळी. बायकोनं मनापासून म्हणलं पाहिजे. जबरदस्ती चालत नाय.

"मनापासून," मी म्हणलं. "म्हणून फसवून नेत होतात."

"चार दिवस राहायचं, फिरायचं, आणि मधे एकदा तेवढं करून यायचं. त्यात फसवणं काय?"

"मग आनंदाच्या घरी उतरायला काय झालं? तो बोलावतोय."

"तिथं नको."

"का?"

"नको म्हणजे नको. मोराबंदरात राहू. तू एकटी जाऊन ये तिकडं, बायकांचंच काम हाय ते."

मी बांगड्या उचलल्या, भाकरी वाढली. मला खरंच हलकं वाटलं होतं, हे सांगायला पायजे. दुसरी बाई नव्हती. होती ती सुटका मागत होती, नवरा मागत नव्हती. मी त्याला वरण वाढलं, जरा जास्तच वाढलं. त्यानं पण पोटभर खाल्लं, आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली, आणि मला त्याच्या पाठीवरनं दिसलं की तो पण हलका झालाय. माझ्याइतकाच. किंवा माझ्यापेक्षा जरा जास्त. खरं सांगून माणूस हलका होतो म्हणतात, पण त्या हलकेपणात थोडा थकवा असतो. हा थकलेला नव्हता. हा बिडीचा धूर वर सोडून त्याच्याकडं बघत होता, सुटलेल्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी कपडे धुताना ते माझ्या डोक्यात आलं, म्हणजे आधी हातात आलं. मी पिळ्याला पीळ देत होते आणि हात थांबले. हनुमान जयंती म्हणजे पुनव. लग्न दुसऱ्या दिवशी, पुनवेचा पाडवा. मी मिठागरवाल्याची पोरगी. माझ्या बापानं मला बाकी काय दिलं नाय, पण बांधावर बसवून पाणी दाखवलं. पुनवेला आणि अवसेला माथ्यावर ऊन आलं की खाडी काठोकाठ भरते, उधाण असतं, बांध फुटतो की काय म्हणून गडी धावतात. पाडव्याला तेच, थोडं उशिरा. जेवणं झाली, दुपारी वऱ्हाड निघालं, तेव्हा पनवेलच्या खाडीत पाणी मावत नसणार. त्या वेळी मचवा रुतत नाय. रुतवायचा म्हणलं तरी रुतत नाय. भगवान विचुंब्याचा, भातशेतीवाला, त्याला गाडीचं इंजिन कळतं, पाण्याचं कळत नाय. आणि मी मान डोलवून वरण वाढलं होतं. साबणाचा फेस हातावर वाळून कडक झाला तरी मी तिथंच बसून होते. मला माझा राग आला, वरणाचा आला, त्या जास्तीच्या पळीचा आला.

मी तशीच ओल्या लुगड्यानं बंदरावर गेले. सुकती होती, खाडीतलं पाणी उतरलं होतं. काशिरामचा मचवा चिखलात आडवा झाला होता आणि तो खाली बसून तळाला चिकटलेली कालवं खरवडत होता. सगळ्या बंदराला त्या तुटलेल्या कालवांचा ओला, कच्चा वास होता. माझे पाय घोट्यापर्यंत गेले.

"काका, तीन वर्षांमागं वऱ्हाड तुमच्याच मचव्यानं जायचं होतं ना?"

"जायचं व्हतं."

"तो रुतला?"

काशिरामनं खरवडणं थांबवलं नाय. "तू मिठागरवाल्याची लेक ना? मग इचारतेस कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"हे बघ पोरी, मानसाबद्दल काय पन बोल. माझ्या मचव्याला नाव ठेवू नको. मचवा तरंगत व्हता. वऱ्हाड चढलं, वाजंत्री चढली, तुझी सासू पंक्तीतलं उरलेलं घेऊन चढली. नवरदेव वर धक्क्यावर बसला. मुंडावळ्या बांधून. बापानं हात धरला, मामानं धरला. उठंना. बापानं थोबाडीत दिली सगळ्यांसमोर, तरी नाय."

"का?"

"त्यालाच म्हायती असतं तर बरं झालं असतं. सांगता आलं नाय. रडत पन नव्हता. पानी फिरलं, ओहोटी लागली, मग मी सगळ्यांना खाली उतरवलं. आनि त्याच्या बापानं सांगितलं, मचवा रुतला म्हना. मी म्हनलो, तुमी म्हना, मी म्हननार नाय."

परत येताना मी रस्ता बघितला नाय. बाई असती तर मला बरं पडलं असतं. बाईशी भांडता येतं, तिच्या झिंज्या धरता येतात, तिच्या दारात जाऊन बसता येतं. पण इथं कोणच नव्हतं. मालूत काय खोट नव्हती, हुंडा नव्हता, दुसरी आवडत होती असं नव्हतं. हा नुसता बसला. मग माझ्या लग्नात हा कसा उठला? विचुंब्याहून आमच्या दारापर्यंत बैलगाडी होती, आणि गाडीत ह्याच्या दोन्ही बाजूला मामा बसले होते. तेव्हा मी हसले होते, मामा किती लाडके म्हणून. आता ते दोन मामा मला वेगळे दिसायला लागले. त्यांचे हात. ते सारखे ह्याच्या खांद्यावर होते, मी मान खाली घालून पण बघितले होते. हा माझ्याकडं आला की आणला गेला? माझ्या अंगावर पण ह्याची उष्टी हळद लागली होती, पाटावर बसून मी वाट बघितली होती, आणि बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आल्यावर मी पदर नीट केला होता. मालू पण अशीच बसली असंल. फक्त तिच्याकडं घुंगरं नव्हती, नुसता समुद्र. चारी बाजूनी.

मी त्याला एवढंच म्हणलं, "मी ओटी भरीन, मनापासून भरीन. पण उतरायचं आनंदाच्या घरी. दोघांनी. नायतर मी ठमाबाईपासून सगळ्यांना सांगते की मी तयार नाय."

"तिथं राहून काय मिळणार तुला?"

"विहीर दारात हाय."

तो हसला नाय. खूप वेळ ग्रीसचं फडकं बोटात पिळत राहिला. मग म्हणाला, "बरं." त्या 'बरं'ला मी दोन दिवस सगळीकडनं बघितलं. तो बोलला तेव्हा त्याचे डोळे कुठं होते, आधी श्वास घेतला का, आवाज घशातनं आला का नुसता दातांतनं. कधी वाटायचं खरंच बरं. कधी वाटायचं त्यानं बापाला पण असंच सांगितलं असंल.

निघालो त्या दिवशी दुपारी खाडी भरली होती, पाणी धक्क्याच्या वरच्या दगडाला लागत होतं. भगवाननं नवी पँट घातली होती. केसांना पाणी लावून भांग पाडला होता, तो चांगला दिसत होता, आणि मला त्याचा पण राग आला. ट्रंक त्यानंच उचलून मचव्यात ठेवली. मला हात देऊन चढवलं. त्याचा तळवा कोरडा होता, मी बघितलं. मग म्हणाला, "बिडी संपलीय, आणतो."

"माझ्याकडची घे," काशिराम म्हणाला.

"तुमची चालत नाय मला."

तो पानवाल्याकडं गेला. ते दुकान धक्क्यावरनं सरळ दिसतं. त्यानं बिडीचं बंडल घेतलं, लोंबत्या सुंभाच्या निखाऱ्यावर एक पेटवली. पाठ आमच्याकडं. पानवाल्याशी काहीतरी बोलला. पानवाल्यानं आमच्याकडं हात केला, तो वळला नाय. ती बिडी संपली. दुसरी पेटवली. मचव्यात बेटावर विटा घेऊन निघालेले गडी दुकानाकडं बघायला लागले, त्यांतल्या एकाची बायको शुक्री माझ्याकडं बघायची आणि मग पोराच्या नाकाकडं. पानाचा एक तुकडा मचव्याच्या कडेला थांबला होता, तो हळूच समुद्राच्या बाजूनं सरकायला लागला.

"पानी फिरलं," काशिराम म्हणाला. मला नाय, दोरीला म्हणाल्यासारखा.

मला उठून जाता आलं असतं. त्याच्या नव्या शर्टाची बाही धरून ओढत आणता आलं असतं, माझे हात तेवढे रुंद हायत. दोन बाजूला दोन मामा नसतील तर मीच दोन्ही बाजूची झाले असते, चार दिवस, मग चाळीस वर्षं. भगवान तेव्हा वळला. आमी अजून तिथंच हाव हे बघून त्याच्या तोंडावर जे आलं ते मी नीट बघितलं. भीती नव्हती, लाज पण नव्हती. नुसतं, अजून गेला नायत? असं. मग त्यानं हात वर केला, आणि मोठ्यानं म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी उद्याच्या मचव्यानं येतो."

"सोडा, काका," मी म्हणलं.

काशिरामनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोरी सोडली. मी धक्क्याकडं बघितलं नाय, जे बघायचं ते बघून झालं होतं. पंच्याची गुंडाळी मी मांडीवर घेतली. आतल्या बांगड्या मचव्याबरोबर बारीक वाजत होत्या. मला वाटलं होतं माझं डोकं आता गप्प होईल. इतके दिवस जे शोधत होते ते मिळालं होतं, आणि ह्या वेळी मी शेवटची नव्हते. पण खाडी रुंद होत गेली तसा आनंदाच्या घरासमोरचा धक्का मला दिसायला लागला, मी कधी न बघितलेला, आणि त्यावर उभी असलेली ती बारीक हाताची पोरगी. तीन वर्षं ती मचवे बघत असंल. मी उतरेन तेव्हा ती माझ्याकडं बघणार नाय. माझ्या मागनं कोण उतरतंय ते बघंल. तिच्या जागी मी असते तर मी पण तेच बघितलं असतं.